पट्टी संपते तिथे

आबा, सकाळपासून तुमच्या त्या बैलगाडीची दांडी डोळ्यांपुढून हलत नाही. सांगतेय मी, लिहितेय तुमची पणती, माझी नात. मला अक्षर शिकवायचं तुमच्याकडून राहिलं, पण त्यावरून आज भांडत नाही. आज जीव थाऱ्यावर नाही.

माझा धाकटा केळीच्या ट्रॉलीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी हाडाला बाहेरून पोलादी पट्टी लावली, स्क्रू पिळले. आज अंगणात पहिल्यांदा कुबड्या सोडून त्याला त्या पायावर सगळा भार द्यायचा आहे. मी निवांत राहिले असते, पण या पोरीने घोळ घातला. ही जळगावात इंजिनिअरिंग शिकते. मोडलेलं हाड पट्टीने जास्त टिकतं की पोकळीत घातलेल्या सळईने, हे हिला कॉलेजात तपासायचं होतं. म्हणून खाटकाकडून बकऱ्याची हाडं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून, अंडंसुद्धा न येणाऱ्या या घरात. म्हटलं, "बाई, निदान तुझ्या आज्याच्या फोटोखाली तरी ठेवू नको." आणि मग मीच हट्टाने तिच्याबरोबर गेले. यंत्र वरून हळूहळू दाबत होतं. सळईचं हाड वाकत वाकत गेलं. पट्टीचं ताठ उभं राहिलं, आणि एकदम कटकन. पट्टी शाबूत, स्क्रू शाबूत. शेवटच्या स्क्रूच्या पल्याड हाड दुभंगलेलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. दांडी तडकली म्हणून लोहाराकडून लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती तुम्ही, गावभर कौतुक सांगत. कापूस भरून निघालो तर नाल्याच्या चढाला दांडी मोडली. मी खाली वाकून पाहिलं. म्हटलं, "आबा, पट्टी ते जशीनी तशी शे, लाकूड तिना शेजारे मोडनं." तुम्ही म्हणालात, "चूप बस. बैलनी झटका मारा." बिचारा बैल, झटका त्याने दिला म्हणून जन्मभर तुमच्या शिव्या खात राहिला.

हेच मी पोरीला सांगितलं, तर म्हणते, "आजी, यंत्रातलं हाड मेलेलं होतं. काकाचं जिवंत आहे, ते आतून भरत येतं. एक्स-रेच्या फोटोत जुळलेलं दिसलंय डॉक्टरांना." पटतं मला. लाकूड भरून येत नाही, एवढं मलाही कळतं. पण पटलेलं पोटात उतरत नाही, आबा. कान अंगणाकडेच आहेत.

ही विचारतेय, पत्ता काय घालू. म्हटलं, राहू दे, घडी करून डब्यात टाक. खरं सांगते, तुमची आठवण आली म्हणून नाही लिहायला बसवलं हिला. बाहेर बघावं लागू नये म्हणून बसवलं. मघापासून कुबड्यांची टकटक ऐकू येत होती. आता थांबली आहे. पोरगी लिहिता लिहिता दाराकडे बघतेय, आणि मी हिच्या तोंडाकडे.