माझ्या खोलीतून गेलेली केबल

दि. ८ जानेवारी, गुरुवार

चि. थोरल्या, चि. धाकट्या,

दोघांनाही अनेक आशीर्वाद. सुनांना आणि पोरांना माझी आठवण सांगा. इकडे मी मजेत आहे. ताप उतरला, खोकला तेवढा रेंगाळलाय. जेवण जातं, झोप लागते. वॉर्डात माझ्याबरोबर असलेली जुनी सिस्टर शेजारीच असल्यामुळे गप्पांना तोटा नाही. चार दिवस हवापालट म्हणून आले ते बरंच झालं.

हे पत्र मी दोनदा लिहिलंय, अक्षर न् अक्षर सारखं. एकच पाठवलं असतं तर ते कोणाच्या घरात ठेवायचं यावरून तुमचं वाजलं असतं. त्याला आईनं जास्त काय लिहिलं, हे ताडून बघायचं असेल तर दोघांना एका टेबलाशी बसावं लागेल. बसा. आणि फोनवर का नाही बोललीस म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. मध्येच विचारता, "ते राहू दे, तो काय म्हणाला?"

धाकट्या, तुझी विजेवरची गाडी छान आहे. मनापासून सांगते. आवाज नाही, धूर नाही, आणि पहिल्या दिवशी तू मला तिच्यातून फिरवून आणलंस हे मी विसरले नाही. पण गाडी दारात आणायच्या आधी तिला खायला कुठून घालायचं, याचा विचार करायचा असतो रे. शोरूमवाल्यानं सांगितलं, चार्जर फुकट. फुकट म्हणजे भिंतीवरचा डबा फुकट! मग त्यांचा माणूस मोजपट्टी घेऊन आला आणि एकेक बाहेर पडायला लागलं. पंधरा मीटरपर्यंत केबल त्यांची, पुढची आपली. अर्थिंगचा खड्डा आपला. वेगळा बोर्ड आपला. मीटरवरचा लोड वाढवायचा तर अर्ज आपला आणि हेलपाटेही आपलेच.

तरी त्या माणसानं मार्ग सोपा काढला होता. सगळ्या घराचा एकच मीटर, तो बोळात. तिथून थोरल्याच्या व्हरांड्याच्या छताखालून सरळ गेलं की धाकट्याची शेड. जेमतेम आठ मीटर. त्यानं भिंतीवर पेन्सिलनं खूणसुद्धा केली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की वडिलांची जुनी गाडी थोरल्यानं न विचारता विकून टाकली, तेव्हापासून ह्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

मग काय, निरोप न्यायला आई आहेच. मी थोरल्याकडे गेले. तू पेपरातून डोकं वर न काढता म्हणालास, मी नाही म्हटलंय का, त्यानं येऊन विचारावं. मी धाकट्याकडे गेले. तू म्हणालास, विचारायला मी काय भीक मागतोय, त्यालाच कळायला हवं. मी परत थोरल्याकडे. गुडघे माझे, हट्ट तुमचे. शेवटी वायरमननं घराला वळसा घालून केबल न्यायचा हिशेब काढला, तेव्हा धाकट्याचं तोंड पांढरं पडलं. पण भावाला एक वाक्य विचारणं त्याला त्याहूनही महाग होतं.

आणि मग सगळ्यांना माझी खोली दिसली.

वाटणीत ती खोली "आई आहे तोवर आईची" अशी मध्येच सोडलेली. एक भिंत बोळाला, दुसरी शेडला. तिथून केबल नेली तर थोरल्याला विचारायला नको. कोणालाच विचारायला नको. मलाही नको. मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत येते तो पलंगावर विटांचा चुरा, दोन भिंतींना दोन भोकं, आणि उशाशी त्या वेगळ्या बोर्डाची पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. थोरल्या, तू वर मान करून हसू नकोस. ड्रिलचा आवाज तुझ्या घरात येत होता. तू खिडकी लावून घेतलीस, हे मला मोठ्या सुनेनंच सांगितलं.

मी चुरा झाडून पलंग आवरला. सगळं आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून काढलं, दिव्याखाली झोपायची मला सवय आहे. वायरमन मात्र जाताना मला बजावून गेला, मावशी, आहे त्या लोडवर हे झेपायचं नाही, वाढवून घ्या. मी दोघांना सांगितलं. पण मीटर अजून वडिलांच्या नावावर, म्हणजे कचेरीत दोघांनी मिळून जायला हवं. मिळून! त्यापेक्षा घर अंधारात गेलेलं परवडलं.

आणि गेलंच. मी इकडे यायच्या थोडे दिवस आधी, एका संध्याकाळी मला ताप भरला होता. हुडहुडी थांबत नव्हती, म्हणून हीटर लावून दोन पांघरुणं घेऊन पडले होते. धाकट्यानं गाडी चार्जिंगला लावली आणि सगळ्या घराची वीज गेली. पाच मिनिटांत थोरला हातबॅटरी पेटवून एका बाजूनं आला, धाकटा फोनवर वायरमनशी बोलत दुसऱ्या बाजूनं. अडीच वर्षांनी माझी दोन्ही पोरं एका खोलीत उभी होती, माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना. वायरमन फोनवर म्हणत होता, काहीतरी मोठं बंद करा. तुम्ही इकडेतिकडे बॅटरी मारलीत. उजेड माझ्या तोंडावरूनही गेला.

थोरला म्हणाला, "हा हीटर बंद केला तर लोडमध्ये बसतंय."

धाकटा म्हणाला, "मग गाडी लावली की हा बंदच ठेवू."

थोरला म्हणाला, "चालेल."

धाकट्यानं वाकून प्लग काढला, थोरला बोळातला खटका वर करून आला. दिवे आले. मग तुम्ही बाहेर गेलात, आणि व्हरांड्यातून मला तुमच्या बोलण्याचा आवाज ऐकू येत होता. थोरला एकदा हसलासुद्धा. आणि मला काय वाटलं, सांगू? मला आनंद झाला. दात वाजतायत, आणि मी पांघरुणात आनंदानं रडतेय, की पोरं बोलली, पोरं बोलली. त्या आनंदाचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो. कारण हळूहळू डोक्यात शिरलं. अडीच वर्षांत तुमचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे आईला थंडीत ठेवायचं. कपाळाला हात कोणी लावला नाही. आई, बरं नाही का, एवढं एकाच्याही तोंडातून निघालं नाही. वॉर्डात परक्या माणसाचं पांघरूण सरकलेलं दिसलं तरी आम्ही थांबत होतो रे.

मी इथे आल्यावर तुमचे फोन आले. वेगवेगळे. थोरल्यानं विचारलं, धाकट्याच्या चार्जरला कंटाळून गेलीस ना? धाकट्यानं विचारलं, दादानं काही बोलून दाखवलं का? दोघांना साक्षीदार हवा होता. ताप कितीवर गेला होता, हे मला फक्त सिस्टरनं विचारलं.

तेव्हा आता सांगून टाकते. हवापालट वगैरे काही नाही. सिस्टरच्या शेजारची खोली मी घेतली आहे, पेन्शनीत भागतं. माझं कपाट उघडून बघा, रिकामं आहे. हे अजून तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणून लिहिते. मी परत येणार नाही. खोली मोकळी झाली, तिच्यातून आणखी काय न्यायचं ते न्या. फक्त आता ती कोणाची, हे तुम्हाला एकमेकांना विचारावं लागेल.

मला भेटायला एकेकट्यानं येऊ नका. एकटा आला तर मला दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकावं लागेल, आणि ते मला पाठ आहे. दोघे मिळून आलात तर दार उघडीन, चहा करीन, आणि चहा झाला की दोघांना परत पाठवीन.

वाटणीत कुणाच्याच वाट्याला न आलेली,
तुमची आई