पट्टीआधीचं पाणी

बाबा, आज वसुलीला गेले होते. मार्च म्हणजे तुमचा घरात न दिसण्याचा महिना. तुम्ही गेल्यावर पालिकेत तुमच्या जागी मला घेतलं, तेव्हा आई म्हणाली होती, "बाबावाणी कर, बस." तुमची पद्धत साऱ्या गल्ल्यांना पाठ होती. दारात गेलात की पाणीपट्टीचं नाव काढायच्या आधी तुम्ही पाणी मागायचात, तेही नळाचं. घोट घेऊन तोंडात जरा धरायचात. बरं लागलं की पिशवीतून पावतीपुस्तक बाहेर यायचं. हापशाचं नाहीतर विकतचं पाणी पुढे आलं, तर मुकाट उठून थेट त्या भागातल्या नगरसेवकाच्या घरी. "लोकायला पाणी न्हाई अन् मी पट्टी कशाची मागून राहिलो?" तो वैतागायचा, पण त्याची मतं त्याच गल्लीत होती, त्यामुळे नळ लवकरच चालू व्हायचा. मग तुम्ही पुन्हा त्याच दारात, पुन्हा पाणी मागत.

पालिकेची हक्काची कमाई, ती जकात, बंद झाली त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "आता पालिका मुंबईकडं तोंड करून बसणार. पैसा तिकडून, हुकूमबी तिकडूनच." मी तेव्हा शाळेत होते, हसले होते. आता हसू येत नाही. निवडणूक होऊन कैक वर्षं झालीत, सभागृहाला कुलूप आहे. नगरसेवकांच्या जागी एकटे प्रशासक साहेब, तेही हिंगोलीहून येऊन-जाऊन. माणूस वाईट नाही हो, पण त्यांना वरून एकच विचारतात, वसुली किती झाली? वसुली नाही तर अनुदान नाही, अनुदान नाही तर पाइपलाइन नाही, आणि नळाला पाणी नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत. यंदा हुकूम आला की थकबाकीदारांच्या दारात ताशा वाजवा.

पहिलंच घर हळदीच्या गोदामामागच्या मावशींचं निघालं. त्यांच्याकडचं पाणी गोड लागतं म्हणून तुम्ही दुसरा तांब्या मागायचात, त्याच. ताशा सुरू झाला, शेजारपाजारचे बाहेर आले. मावशी तांब्या घेऊनच उंबऱ्यात आल्या. "तू त्यायची लेक व्हय ना? मंग पाणी काहून मागत न्हाईस? तुझा बाप पयले पाणी मागायचा."

मी हात करून ताशा थांबवला आणि घोट घेतला. पाणी जारचं होतं, विकतचं.

"नळाला न्हाई येत?"

"दिवाळीपासून न्हाई, माय."

तुमच्यासारखीच मागे फिरले, पण बाबा, जायचं कुणाच्या घरी? साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "पाण्याचं मी वर कळवलंय. तुम्ही वसुली थांबवू नका." ताशेवाला माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली, वाजव म्हणून. वाजवणं संपेपर्यंत मावशी तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं, आणि तुमचा रागही आला. तुमच्या वेळी तक्रार घेऊन जायला एक दार तरी होतं.

हे लिहिलेलं तुमच्या वसुलीच्या पिशवीत ठेवून देते, दुसरं कुठं पाठवू? उद्या तुमची जुनी गल्ली आहे. तिथं सगळे ओळखतात, पाणी पुढं करतील. त्यांचा घोट घ्यावा लागू नये म्हणून बाबा, आत्ताच घरून बाटली भरून घेतली आहे.