शेवंतीच्या पुढे कोण चालणार

नेर,
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांस,

कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. ऊन आतापासूनच अंगाची काहिली करतंय. आमच्या मितालीची परीक्षा संपली. आईला सांगा, कैऱ्या पोचल्या, लोणचं घालून झालं. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का?

फोन सोडून हिनं पत्र कशाला लिहिलं, असं वाटेल तुम्हाला. फोन केला की तुमचा लेक कपिल तो स्पीकरवर टाकतो आणि अख्खं अंगण ऐकत बसतं. हे तुम्ही एकट्यानं वाचावं.

तुमचा निरोप मिळाला. शेवंती कुणाला जवळ येऊ देत नाही, खोगीर दिसलं की दावं तोडते, आणि अक्षय तृतीयेच्या दोन वराती ठरल्या आहेत. तेव्हा आठ दिवस येऊन तिला वळणावर आण, नाहीतर बाजार दाखवावा लागेल. म्हणजे मी यायचं, घोडी शांत करायची, दोर कपिलच्या हातात द्यायचा आणि नेरची बस पकडायची. गरज सरो, वैद्य मरो.

दिवाळीत तुमचा गुडघा गेला तेव्हाही मीच आले होते. इथे सासूबाईंनी चार महिने घर सांभाळलं, तोंड वाकडं करून का होईना. शेवंती तेव्हा पाठीवर साधं पोतं टाकलं तरी थरथरायची. ताट पडलं तर गोठ्याच्या भिंतीला अंग घासून घ्यायची. तुम्ही खाटेवरून पाहत होता, मी काय करायची ते. आधी कानात कापसाचे मोठे बोळे, आणि गोठ्याच्या पार टोकाला जुन्या मोबाइलवर वरातीचा बॅन्ड. रोज बोळ्यातला चिमूटभर कापूस कमी करायचा आणि बॅन्ड दोन पावलं जवळ आणायचा. सोबत माझं बोलणं अखंड चालू. काय बोलायची ते आठवलं तर आता हसू येतं. भाजीचे भाव सांगायची, सासूबाईंच्या चुगल्या करायची. तिचा एक कान कायम माझ्याकडे वळलेला असायचा. महाशिवरात्रीपर्यंत मोकळ्या कानांनी, मोबाइल पुढ्यात वाजत असताना ती उभी राहू लागली. तुम्ही आईला म्हणालात, "पोरीच्या हाताले गुण हाय." मी चुलीपाशी होते, ऐकलं.

म्हणून पांढरकवड्याच्या वरातीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, उद्या दोर मी धरू का? तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. मला शब्द न् शब्द आठवतो. "बाईनं घोडीपुढं चालू नये पोरी. लोकं हासतीन. कपिल हाय ना."

बाबा, त्या वरातीत डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन बारा बायाच चालत होत्या. त्यांना कोणी हसलं नाही. ओझं असलं की बाई चालते.

आता जे आजवर लिहिलं नाही, बोलले नाही, ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोत चढवायच्या आधी कपिल गोठ्यात शिरला. मी मागच्या दारात उभी होते. त्यानं मुठीएवढे दोन बोळे वळले आणि शेवंतीच्या कानात ठासून भरले. त्याला वाटलं, ऐकूच आलं नाही तर भिणार कशाला. घोडी आवाजाला भिते एवढंच त्याला ठाऊक. पण तिला धीर देणाराही आवाजच होता. कान बुजले की डोळ्यांपुढे माणसं नाचतात, दिवे उडतात आणि "उभी राह बाई" म्हणणारं कोणी नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी दोन पावलं पुढेही गेले. कपिल म्हणाला, "तू काहून मधात येऊन राह्यली? तुह्यं काम झालं आता."

आणि मी गप्प बसले. विसरले नाही की घाबरले नाही. मला वाटलं, होऊ दे फजिती. भर रस्त्यात अडून बसेल, हसतील याला. एवढंच वाटलं होतं, देवाशप्पथ. पण वाटलं होतं.

पुढचं तुम्ही कपिलकडून ऐकलं आहे. चौकात ती मागच्या पायांवर उभी झाली, नवरदेवाला लोकांनी वरच्यावर झेललं, सगळे सुखरूप. घोडीच वाईट निघाली. घरी आणल्यावर त्यानं तिला चाबकानं सोललं. खोगीर पाहून ती दावं का तोडते, हे मला विचारायची गरज नाही.

सगळे सुखरूप नव्हते, बाबा. दिवेवाल्या विमलताईंच्या हातावर शेवंतीचा पाय पडला, हे मला मागाहून कळलं. होळीनंतर मी त्यांच्या घरी जाऊन आले. कोपर वाकडं जोडलं आहे, हात डोक्यापर्यंत जात नाही. दिव्यांचं काम सुटलं. त्यांना अजून माहीत नाही मी कोण. दवाखान्यात कोणी आलं होतं का विचारलं, तर म्हणाल्या, "मले कोण इचारते वं बाई? घोडीले लागलं का, थेच इचारून राह्यले होते सारे."

मी तिथे चहा प्यायले आणि खरं न सांगता उठून आले. कपिलइतकीच मी दोषी आहे, आणि कपिलला निदान कळत नव्हतं.

उद्या पुन्हा जाणार आहे. सगळं सांगणार आहे, घराचं नावही.

राहिलं शेवंतीचं. आणीन मी तिला वळणावर. आठ दिवसांत नाही, पावसाळा जाईल, अक्षय तृतीयेच्या वराती सोडाव्या लागतील. पण त्यानंतर वरातीत दोर माझ्या हातात राहील, आणि सदाशिवरावांची मुलगी घोडीपुढे चालते आहे हे लोक बघतील. कबूल असेल तर तुम्ही स्वतः कळवा. कबूल नसेल तर तिला बाजारात न्या. मी रडेन, जेवणार नाही, जे व्हायचं ते होईल. पण तिला माणसावर विश्वास ठेवायला शिकवून पुन्हा त्याच हातात देणं माझ्याकडून होणार नाही.

आईला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आजवर तुमचं सगळं ऐकलेली,
कुंदा