चिझुरूने पायरीवर ठेवलेला डबा

मी, सुगाया किंजिरो, वय एक्क्याऐंशी, राहणार हिमी, धंदा तोफू करणे (आता बंद), पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दोन वर्षांपूर्वी ते ठिकाणावर असायला हवे होते.

१. राहते घर व दुकान मुलगा कात्सुमी याला. मागचे दार पावसाळ्यात फुगते. ते तासू नये, उचलून लावावे.

२. तोफूचे लाकडी साचे शेजारच्या ताएको वहिनींना. नोदेरा न्हाव्याला माझी काडीसुद्धा देऊ नये. गावच्या न्हाणीघरात तो चारचौघांत म्हणाला होता, "पोटच्या पोरीनंच बुडवलं की रे तुला." मी मान डोलावली होती.

३. फंडातली सर्व रक्कम चिझुरूची मुलगी काहो हिला.
चिझुरू माझी थोरली. ती त्या फंड कंपनीत कामाला होती, तिच्याच शब्दावर मी जन्माची पुंजी तिथे गुंतवली. कंपनी बुडाली तेव्हा ती काळ्या कपड्यांत, मिठाईचा डबा घेऊन दारात आली आणि कमरेत वाकली.
"बाबा, पैसे सुरक्षित आहेत. ते कंपनीकडे नसतातच, विश्वस्त बँकेत वेगळे असतात. कंपनीच्या कर्जापायी त्यांना कुणी हात लावू शकत नाही. भाव वरखाली होईल, तेवढंच."
"मग वाकतेस कशाला? पैसे गेल्याशिवाय कुणी डबा घेऊन येतं का?"
"तुमच्या जिवाला घोर लागला ना, म्हणून."
डबा घेऊन वाकणारा माणूस गुन्हा कबूल करायला आलेला असतो, हेच मी जन्मभर पाहिले होते. मी दार लावून घेतले. तिने डबा पायरीवर ठेवला.
अशीच ती गिऱ्हाइकांच्या दारोदार वाकत फिरली. फेब्रुवारीत त्याच फेरीवर बर्फात तिची गाडी घसरली आणि ती गेली. जूनमध्ये बँकेचे पत्र आले. रक्कम जागच्या जागी होती. पोरीचे खरे होते, आणि तसे सांगायला मला पोर उरली नव्हती.

४. तो डबा तिच्या फोटोपुढे तसाच बंद आहे. माझ्या आवडीची मिठाई तिने शोधून आणली होती. तो माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबरच जाळावा.

५. माझ्या अस्थी चिझुरूशेजारी ठेवाव्यात ही इच्छा. पण ते थडगे जावई हाबुका यांच्या घराण्याचे आहे. कात्सुमीने काळ्या कपड्यांत, नवा डबा घेऊन त्यांच्या दारी जावे आणि कमरेत वाकावे. जावई विचारतील, "पैसे तर सगळे मिळाले, मग वाकता कशाला?" त्यांनी दार लावले तरी डबा पायरीवर ठेवून यावे.

स्थळ हिमी, ता. ९ नोव्हेंबर, रेइवा सात (सन २०२५).
सुगाया किंजिरो (सही व शिक्का)
आमच्यासमक्ष सही केली: मोरियामा हिसाए, वाकामात्सु गोइची