माझ्याच घरी मी दोन रात्रींची पाहुणी

चाकूरच्या पारूस थोरल्या बहिणीचा, उमाबाईचा, आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायेत? माझे हैदराबादला येऊनबी नांदेडसारखेच दुखतात. तुझे श्रीमंतराव बरे असतील, त्यांना काय होतंय.

दयानंदनं मला चैत्रात हितं आणलं. म्हणला, आई, आता हितलीच हो. नांदेडचं घर भाड्यानं दिलं, आधारावरचा पत्ता बदलला. (त्या कार्डावर हितं बायकांना बस फुकट हाय. दोन दिवस नुसती फिरले. कुठं ते इचारू नको, पाट्या सगळ्या तेलगूत.) शेजारची पार्वतम्मा तेलगू बोलते, मी मराठी. चार महिन्यांत एकदाबी भांडण न्हाई. असे किती दिवस काढायचे?

भाड्याच्या कराराच्या अटी वकिलाला मीच सांगितल्या. मागच्या भाडेकरणीची सासू आठ दिवसांसाठी आली आन् तीन वर्षांनी तिची तेरवीबी आपल्याच अंगणात झाली. म्हणून लिहून घेतलं, पाहुणा दोन रात्रींच्या वर ठेवायचा न्हाई, गच्चीवर काही वाळत घालायचं न्हाई. नवी भाडेकरीण पुनम, शाळेत मास्तरीण. (कागद वाचून सही करणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.)

ज्येष्ठात लोणचं घालायला म्हणून मी तिकडं गेले, पंधरा दिवसांची लुगडी घेऊन. पुनमनं पाया पडून चहा दिला, गादी घातली. मी कैरीच्या फोडी गच्चीवर पसरल्या, तिनं त्या खाली आणल्या. तिसऱ्या सकाळी करार घेऊन हजर. "आजी, दोन रात्री झाल्या."

"अगं बये, घर माझं हाय!"

"हाव की. पण पत्ता हैदराबादचा, म्हणजे तुम्ही पाहुण्याच. अट तुमचीच, सहीबी तुमचीच."

फोडी पिशवीत बांधून तिनंच स्टँडवर पोचवलं. बशीत तेलंगणाच्या सीमेपर्यंत तिकीट लागलं, पुढं फुकट. सरकारलाबी मी हितंच हवी दिसते. दयानंदला सांगितलं, नांदेडात करमलं न्हाई. लेकरू लई खूश झालं.

तर मी हितं मजेत हाय. काळजी नसावी.

तुझी अक्का

ता.क. मजेत काही न्हाई. पुनमची बदली लातूरला झाली, दिवाळीआधी ती घर सोडणार हाय. ते घर तू भाड्यानं घे, दोन रात्रींची अट मी खोडते. तुझ्या सुनेला सांग, गुडघ्याचे डाक्टर नांदेडात चांगले हायेत. निम्मं भाडं मी देईन. दयानंदला मी म्हणीन, बहिणीकडं राहायला चालले. त्यात खोटं काय हाय?

आणखी एक. भाडं पाच तारखेच्या आत दयानंदच्या खात्यात टाकायचं. पैसे येळेवर आले की आई कधी येणार म्हणून तो इचारणार न्हाई.