उभा माऊस आणि सेरेआनाचा हात

सोमवार, ३ मार्च
उजवं मनगट दुखतंय. कारण उघड आहे: ऑफिसचा माऊस. ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या वीजबिलाच्या तक्रारी आम्ही इथे फिजीत, सुव्यात बसून ऐकायच्या आणि मनगटं आमची जायची. आज एक ग्राहक मला "बाळा" म्हणाला. फोन ठेवून टेबलावर मूठ आपटली. एकदाच. फार तर चारदा.
उद्यापासून संयम.

बुधवार, ५ मार्च
कंपनीने फिजिओथेरपिस्ट पाठवली. सेरेआना. कॉलेज अर्ध्यात सोडलं ते किती बरं केलं, नाहीतर आज वर्गात असतो! तिने उभा माऊस आणला. पंजा पालथा ठेवायचा नाही, उभा धरायचा. माझा हात स्वतः धरून त्यावर ठेवला. म्हणाली, "कुणाशी तरी हात मिळवतोयस असं समज."
कुणाशी तरी! नाव घ्यायला लाजली.

शुक्रवार, ७ मार्च
दिवसभर तिच्याशी हात मिळवला. क्लिक कुठे पडतंय ते बघायचं राहिलं. एका आजीबाईंचा पत्ता बदलायचा होता, वीज तोडली गेली. आमची टीम लीडर वासिती किंचाळली, "एपेली, माऊस धरलायस की मुका घेतोयस?"
मूठ आपटली. पण हळू.

सोमवार, १० मार्च, सकाळी
संकट! मनगट बरं वाटतंय. बरं झालं तर ती कशाला येईल? गुरुवारी तपासणी आहे. तोवर दुखणं टिकवायचं. माऊस उलटा धरणार.
संध्याकाळी: मनगट ठणठणीत. मान आखडली.

मंगळवार, ११ मार्च
लपवाछपवी पुरे. रीतसर विचारायचं. यंगोनाच्या मुळ्यांची चांगली जाड जुडी आणली; आमच्याकडे मागणं घालायचं ते हिच्यासोबत, मग ती कुटून सगळ्यांनी प्यायची. ती पुढे ठेवून आपलं म्हणणं आपण मांडायचं नसतं, वडीलधाऱ्याने मांडायचं. बाबा आधी कॉलेजचं काढतील, म्हणून गेटवरच्या सेमेसाकाकांना गाठलं. म्हटलं, "काका, जिने माऊस दिला तिच्यासमोर माझ्या मनातलं मांडा. बाकी समजून घ्या."
"समजलो रे पोरा," काका म्हणाले. "सगळं समजलो."

गुरुवार, १३ मार्च
सगळं ऑफिस चटईवर. काकांनी जुडी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले. "बाई, ह्या पोराला आजवर कुणी काही दिलं नाही. तुम्ही माऊस दिलात. त्याचे हे आभार."
मी डोळ्यांनी खुणावलं. काकांनी मान डोलावली. "आणि खुर्चीही मिळाली तर बरं."
सेरेआनाने जुडीला हात लावला, म्हणजे स्वीकारली; टाळ्या पडल्या. झालं! एकदा स्वीकारलेलं म्हणणं बदलता येत नाही. मुळ्या तिथेच कुटल्या, कालवल्या. माझं प्रेम अख्ख्या बिलिंग विभागाने करवंटीने प्यायलं. वासितीने तीनदा घेतलं.
मग सेरेआना प्रत्येकाचा हात धरून माऊसवर ठेवत फिरली. "कुणाशी तरी हात मिळवतोयस असं समज." काकांचाही धरला. काकांकडे कम्प्युटरच नाही.

सोमवार, १७ मार्च
रिपोर्ट आला. खाली तिची सही. "दुखणं माऊसमुळे नाही, टेबलावर मूठ आपटल्यामुळे. माऊस परत घ्यावा. टेबलावर उशी द्यावी."
उशी आली. निळी आहे. रंग तिनेच निवडला असणार.
आपटून पाहिली.
आवाजच येत नाही.