अकराची लाईट

आई, मागच्या आठवड्यात समोरच्या चाचीने मला बोलावून घेतलं. तिची लेक शाळेच्या वाटेवर भेटली आणि म्हणाली, अम्मी बुला रही है, टाइम निकाल के आना. मी हो म्हटलं आणि दिवसभर ऑफिसात दाखले चुकीचे भरत बसले. तू गेल्याला पंधरा वर्षं झाली. त्याआधीची आठ वर्षं तुझं आणि चाचीचं बोलणं बंद होतं. म्हणजे तेवीस वर्षं आपल्या घरातलं कुणी समोरचा जिना चढलं नव्हतं. आणि चौक तो केवढा, आपल्या गॅलरीतून तिच्या गॅलरीपर्यंत पंधरा पावलं.

चौक आता तुला ओळखू येणार नाही. खालचे कारखाने बहुतेक बंद झाले, कापडाचे लूम भंगारात गेले, त्या जागी कुरिअरवाल्यांची गोदामं आली. एकच कारखाना तेवढा खडखडतो, तोही मनात आलं तर. बाकी दिवसभर एवढी शांतता असते की वरच्या मजल्यावर कुणी लसूण सोलला तरी कळावं. पण आपली माणसं अजून ओरडूनच बोलतात. शाळेत मला मुख्याध्यापक रोज सांगतात, मॅडम, हळू, मी इथेच आहे. त्यांना काय कळणार! आपण ज्या घरात बोलायला शिकलो, तिथल्या भिंती दिवसरात्र हलत होत्या. कपाटातल्या पितळी पेल्यांचा नाच थांबला की आपण दचकायचो.

त्या आवाजाचा तुम्हा बायकांनी किती उपयोग करून घेतला होता. या गॅलरीतून त्या गॅलरीत तुम्ही आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचात. पोराबाळांचं, सासूचं, डाळ शिजत नाही याचं. आणि खरोखर मनातलं काही असलं की शेजारी शेजारी बसून एकमेकीच्या कानात ओरडायचात. हाताच्या अंतरावर तिसरी असली तरी तिला एक अक्षर ऐकू जायचं नाही. शुक्रवारी लूम बंद असायचे, म्हणून शुक्रवारी या चौकात कुणी कुणाला मनातलं काही सांगत नसे. आणि एरवी मधल्याच वारी लूम थांबले की सगळ्याजणी पदर सावरत गॅलरीत यायच्या, कारण त्याचा अर्थ चौकात कुणीतरी गेलं. मयत उठेपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही. मयत कुणाचं, कुठल्या धर्माचं, हे कुणी विचारत नसे. किंवा मग लाईट गेलेली असायची. तू मला लहानपणापासून बजावायचीस, "लाईटच्या भरवशावर बोलू नये गो. ती आपली न्हाय."

तुझी आणि चाचीची मैत्री सगळ्या चौकाला ठाऊक होती. दर मंगळवारी तू दवाखान्यातून सुट्टी घ्यायचीस आणि चाचीला नि तिच्या लेकीला घेऊन अकलोलीला कुंडावर जायचीस. चाचीचे गुडघे धरले होते ना. गरम पाण्याने बरं वाटतं, असं तू सगळ्यांना सांगायचीस. दवाखान्यात आयाची नोकरी करणारी बाई गुडघ्यांना कुंड सुचवते म्हणून खालच्या बायका तुझी टिंगल करायच्या. "बाईचा सायबाच्या गोळ्यांवर इश्वास न्हाय वाटतं!" तूही हसायचीस. तिन्हीसांजेला तुम्ही परतायचात, तेव्हा तुझ्या खांद्यावर ओला टॉवेल असायचा. तो टॉवेल तुम्ही एसटी स्टँडच्या नळावर भिजवत होतात, हे मला फार उशिरा कळलं. कुंडावर तुम्ही कधी गेलाच नव्हतात. तुम्ही ठाण्याला जात होतात, डॉक्टरकडे, कारण चाचीच्या लेकीला फिट यायच्या आणि तिचं लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाची फुफी, म्हणजे आत्या, चाचीच्याच जिन्याखाली राहत होती. त्या घरात साधी गोळीसुद्धा लपवणं शक्य नव्हतं. म्हणून गोळ्या आपल्या घरी. केस पेपर आपल्या घरी. आणि लेक रोज संध्याकाळी हातात पाटी घेऊन आपल्याकडे "मराठी शिकायला" यायची. तू तिला आत घेऊन स्वयंपाकघराचं दार लोटायचीस.

त्या लोटलेल्या दाराचा मला किती राग यायचा, हे तुला कधी कळलं होतं का? मी बावीस वर्षांची घोडी, आणि बाहेर बसून दाराकडे बघत जळायचे. आपल्या आईचं आपल्याला सोडून दुसऱ्याच मुलीशी काहीतरी गुपित आहे, एवढंच मला दिसत होतं. त्यात तो मंगळवार आला. कल्याणचे पाहुणे मला बघायला चार वाजता येणार होते. तू सकाळी म्हणालीस, दोनपर्यंत येते. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, बाबा तीनदा गॅलरीत जाऊन आले. मुलाची आई म्हणाली, मुलीची आई कुठे असते? मी मान खाली घालून बसले होते. तू सहाला आलीस, खांद्यावर ओला टॉवेल, आणि बाबांना म्हणालीस, "गाडी भेटली न्हाय." पाहुण्यांनी नंतर काहीच कळवलं नाही. तू मला जवळ घेऊन म्हणालीस, दुसरे येतील. मला दुसरे नको होते. खरं तर तेही नको होते. मला फक्त एवढं हवं होतं की त्या दिवशी तू माझ्याजवळ असावीस.

आठवडाभराने तू ड्युटीवर असताना मी तुझ्या कपड्यांची पेटी उघडली. तळाशी त्या केस पेपरांचा जुडगा होता, कापडाच्या किनारीने बांधलेला. मी गाठ सोडली आणि सगळं वाचलं. इंग्रजी होतं, पण मी बी.ए. होते, वाचता येत होतं. वाचून झाल्यावर पुन्हा बांधून ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. तिच्यासाठी नाही तर निदान तुझ्यासाठी. तुझा तो उशीर कुठे झाला हे समोर कागदावर तारखेसकट लिहिलेलं होतं. त्या दिवशी तिला तिथेच फिट आली होती, डॉक्टरांनी थांबवून ठेवलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं: म्हणजे हिच्यासाठी.

पुढचं चौकाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची माझी मैत्रीण आणि मी गॅलरीत बसलो होतो. लूम चालू होते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते की कुंड बिंड सगळं खोटं, आणि लाईट गेली. चौकातले सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत माझा आवाज एकटाच पुढे गेला. "...तिला फिट येतात, लग्न मोडेल म्हणून लपवलंय!" समोरच्या गॅलरीत चाचीची लेक मिरच्या वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती नुसती बघत राहिली, जसं काही मी आणखी पुढे बोलणार आहे आणि ते ऐकायचं तिने कबूल केलं आहे. मग तिने सूप उचललं आणि ती आत गेली. खाली नवऱ्यामुलाची फुफी नळावर होती.

संध्याकाळी तू येऊन चपला काढतेस न काढतेस तोच चाची आपला जिना चढून आली. उंबऱ्यावरच थांबली. मी तांदूळ निवडत होते. त्या परातीतले खडे मला आजही दिसतात, तीन होते. चाचीने विचारलं, "बाई, इसको किसने बताया?" तू माझ्याकडे बघितलंस. मी तोंड उघडलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. मग तू चाचीला म्हणालीस, "मीच सांगितलं. मेरेच मुँह से गया." चाचीने फक्त जुडगा मागितला. तू तो पेटीतून काढून दिलास, गोळ्या दिल्यास. ती गेली. मी वाट बघत होते की आता तू मला मारशील. तू म्हणालीस, "तांदूळ धू." एवढंच. त्यानंतर आठ वर्षांत तू त्याबद्दल एक शब्द काढला नाहीस, आणि मी स्वतःची समजूत घातली की तू मला माफ केलंस. लग्न आठ दिवसांत मोडलं. मंगळवारी तू घरीच राहायला लागलीस. गॅलरीत आलीस की समोर बघायचीस, आणि चाची आत वळायची.

तू गेलीस त्या सकाळी सगळ्यात आधी चाचीच्या घरचे लूम थांबले. आपण अजून कुणाला कळवलंही नव्हतं. तिने गॅलरीतून आपल्या घरातली धावपळ बघितली असणार. मग बाकीचे थांबले. बुद्धवंदना झाली, तुला खाली आणलं, तेव्हा चाची भर उन्हात चौकात उभी होती. जवळ आली नाही. तुझ्यामागे सगळे गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तशीच उभी होती. मला वाटलं, एवढा राग! मेलेल्या माणसावरसुद्धा!

तर परवा मी गेले. दार लेकीने उघडलं. ती आता घरी शिवणाचे क्लास घेते, आठ-दहा मुली मशीनवर बसलेल्या होत्या. फिट येऊन तिला कितीतरी वर्षं झाली, हे तिनेच हसत सांगितलं. लग्न केलं नाही. मला म्हणाली, "आवाज तो रोज सुनती हूँ तुम्हारी, आज शकल देखी." तिने चहा ठेवला. चाची खाटेवर बसली होती, वाळून एवढीशी झालेली. कान पूर्ण गेलेत. चाळीस वर्षं लूमजवळ काढली, जाणारच. मी ओरडून बोलायला लागले तर तिने हात वर केला. "चिल्ला मत. मुँह दिखा के बोल." म्हणून मी तिच्यासमोर बसून आवाज न काढता बोलले, तुम्ही दोघी बोलायचात तशी. सांगितलं की तू मला काही सांगितलं नव्हतंस. मीच पेटी उघडली, मीच वाचलं. तेवीस वर्षं हे वाक्य घशात अडकलं होतं, आणि निघालं तेव्हा त्याला आवाजसुद्धा नव्हता.

चाची म्हणाली, "मालूम है."

तिने उशाखालून तो जुडगा काढला. कागद पिवळे पडलेत, पण किनार तीच. "देख, ये गाँठ." मला काही कळेना. मग तिने लेकीच्या मशीनवरून दोन दोरे घेतले, बोटांत एकदा फिरवले, आणि अशी बारीक, चपटी गाठ मारली की हाताला लागू नये. लूमवर तुटलेला धागा जोडतात ती गाठ. जुडगा दर वेळी तीच बांधून द्यायची, आणि तिचे हात दुसरी गाठ मारतच नाहीत. जुडग्यावर माझी होती, बुटाच्या नाडीची. "बाई ने कभी खोला नहीं. उसको तो गोली की डिब्बी से काम था. मैं उसी शाम समझ गई. तेरी आई मेरे से एकही झूठ बोली, वो भी तेरे वास्ते."

मी विचारलं, मग बोलत का नव्हतात तिच्याशी? आठ वर्षं? तिने जुडगा पुन्हा उशाखाली सारला. म्हणाली, "मैं राह देखती थी, वो सच बोले. वो राह देखती होगी, तू बोले." आणि मग तिने डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला तेवढा हक्क वाटला नाही. आई, तुम्ही दोघी समोरासमोर आठ वर्षं थांबलात, आणि ज्या माणसासाठी थांबलात ते मधल्या खोलीत बसून टीव्ही बघत होतं.

निघताना चाचीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून जोर आहे. म्हणाली, "एक बात बता. उन दिनों लाईट रोज ग्यारह बजे जाती थी. तेरे को याद था ना?" मी नाही म्हटलं. म्हटलं, गप्पांच्या नादात लक्षातच नव्हतं. आणि ते म्हणताना मी चहाचा कप उचलायला वळले, म्हणजे माझे ओठ तिला दिसले नसावेत. तिने पुन्हा विचारलं नाही. लेकीने मला जिन्यापर्यंत सोडलं आणि म्हणाली, मंगळवारी येत जा, अम्मीला बरं वाटतं.

हे मी शाळेच्या कोऱ्या कागदांवर लिहिते आहे, आणि लिहून झालं की तुझ्याच पेटीत ठेवणार. ती अजून आहे, किल्ली नाही तिला. मंगळवारी मी जाईन. पण तुला सांगायचं राहिलं ते हे. लाईट जाण्याच्या वेळा कॅलेंडरवर मीच लिहायचे, तुला पाण्याची मोटर लावायला लागायच्या म्हणून. त्या सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, आई. अकराला पाच कमी होते, आणि मग मी गॅलरीत गेले.